पोटखराब्यातली विद्या



बारामतीच्या श्रोत्यांपुढे उसावर बोलावे, द्राक्षांवर बोलावे, फार तर मोरोपंतांच्या आर्यांवर बोलावे. परंतु वर्षावनांत राहणाऱ्या आदिवासींनी नेच्यांचा परंपरेने कोणकोणता उपयोग केला, असला विषय घेऊन या व्यासपीठावर उभे राहू नये, अशी सूचना एका स्नेह्याने मला अगदी कळकळीने केली होती. सूचनेत तथ्य नव्हते असे नाही. ज्या बारामती-इंदापूर तालुक्यांत वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही पडेलच अशी ग्वाही कोणी देत नाही, ज्यांच्या माळांवर कुसळीचे गवत, बोरी-बाभळी आणि त्यांतून उधळणारी चिंकारा हरणे एवढीच सृष्टी पिढ्यानपिढ्या नांदत आली, त्या मुलखाचा आणि खोडाखोडावर शेवाळ चढलेल्या, भरदुपारी अंधारलेल्या अरण्याचा संबंध काय, असे कोणीही विचारील. माझे आजचे विवेचन म्हणजे त्या प्रश्नाचेच उत्तर आहे. मात्र ते थोडा वळसा घेऊन येणार आहे, तेवढी सवड श्रोत्यांनी मला द्यावी.

पुणे जिल्ह्याचा नकाशा पुढे घेतला म्हणजे प्रथम ध्यानात येते ते हे, की इंदापूर तालुका दोन नद्यांच्या बेचक्यात बसलेला आहे. उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि दोघींची भेट नीरा-नरसिंहपूरला, लक्ष्मीनृसिंहाच्या पायाशी. भीमा निघते भीमाशंकराच्या रानातून, जेथे पावसाचे मान तीन हजार मिलिमीटरच्या घरात जाते. नीरा येते भोरच्या डोंगरांतून. या दोन्ही नद्यांचे पाणी आपल्या शिवारापर्यंत पोचण्यापूर्वी ज्या उतारांवरून झिरपत येते, ते उतार आषाढ-श्रावणात नेच्यांनी आच्छादलेले असतात. १८८५ साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला. भाटघरच्या जुन्या धरणाच्या जागी १९२८ साली मोठे लॉइड धरण आले. १९८० च्या सुमारास उजनी धरणाचा फुगवटा इंदापूरच्या गावांत शिरला. आणि या साऱ्या बांधकामांनी आपल्या उसाच्या सरीत जे पाणी आणून सोडले ते नेच्यांच्या मुलखातले आहे. पाणी आणण्याची तजवीज सरकारने केली. त्या मुलखातल्या माणसांची विद्या मात्र कालव्यातून आली नाही.

नेचा म्हणजे काय, हे थोडक्यात सांगून पुढे जातो. या वनस्पतीला फूल येत नाही, फळ धरत नाही, बीही होत नाही. पान उलटे करून पाहिले तर पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसतात आणि त्या ठिपक्यांतून धुळीसारखे सूक्ष्म बीजाणू उडतात, त्यांवरच तिचा वंश चालतो. पंडितांनी तिची उपेक्षा केली असे म्हणता येणार नाही. कर्नल बेडम यांचा हिंदुस्थानातील नेच्यांवरचा ग्रंथ १८८३ सालचा. मुंबई इलाख्यातील नेच्यांवर फादर ब्लॅटर आणि डाल्मेडा यांनी १९२२ साली स्वतंत्र पुस्तक लिहिले. आणि पुणे विद्यापीठातील प्राध्यापक त्र्यं. शं. महाबळे यांनी या वर्गाचा आयुष्यभर व्यासंग केला. महाबळ्यांनी ज्या गणाच्या भारतीय जातींची छाननी केली, त्या सर्पजिव्हेसारखे एकच पान काढणाऱ्या चिमुकल्या नेच्यांतील एकीच्या पेशीत १,२६० गुणसूत्रे मोजली गेलेली आहेत, आणि माणसाच्या पेशीत ती अवघी ४६ असतात. स्वतःला सृष्टीचा शिरोमणी समजणाऱ्या प्राण्याने हे आकडे अधूनमधून आठवावेत. असो. या ग्रंथांत आकाराचे, शिरांचे, बीजाणूंचे वर्णन मुबलक आहे. पानाचा उपयोग करणाऱ्या हातांविषयी तेथे फारसे वाचावयास मिळत नाही.

आता वळसा घेतो तो इंदापुराकडे. महसुलाच्या इतिहासात इंदापूरचे नाव ज्या कारणाने अजरामर झाले आहे, ते कारण इथल्या पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. पेशवाई बुडाल्यावर दहा वर्षांच्या आत प्रिंगल नावाच्या अंमलदाराने पुणे जिल्ह्याची मोजणी केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे पीक किती, मशागतीचा खर्च किती, खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्न किती, आणि त्याच्या शेकडा ५५ हिस्सा सरकारचा, असा त्याचा हिशेब होता. कागदावर तो निर्दोष होता. प्रत्यक्षात आकारणी इतकी असह्य झाली की रयत परागंदा झाली, शेते पड पडली, आणि सरकारलाच सूट देत बसण्याची पाळी आली. तेव्हा १८३५ साली गोल्डस्मिड आणि त्याच्या जोडीला लेफ्टनंट विंगेट यांनी याच इंदापूर तालुक्यात नव्याने आरंभ केला. निव्वळ उत्पन्नाचा तो काल्पनिक हिशेब त्यांनी बाजूस ठेवला. मातीची खोली किती, तिच्यात चुनखड, रेव, उतार हे दोष किती, हे शेतात उभे राहून पाहिले, जमिनीची प्रत आण्यांत ठरवली, आणि आकार तीस वर्षांच्या मुदतीने कायम केला. मुंबई इलाख्यातील पुढची सारी रयतवारी जमाबंदी या इंदापुरी बेतावर उभी राहिली.

या मोजणीचा मोठेपणा मी मनापासून मानतो. ज्याला पायाखालची माती चिमटीत घेऊन पाहावीशी वाटली असा अंमलदार त्या काळी विरळा. तथापि प्रत्येक मोजणी आपल्यापुरता एक रकाना आखते आणि त्या रकान्यात न बसणाऱ्या वस्तूला खराबा म्हणून मोकळी होते. सर्व्हे नंबरातला जो भाग नांगराखाली येत नाही, म्हणजे खडकाचा उंचवटा, ओढ्याची घळ, पाणथळ डबके, विहिरीभोवतीची जागा, तो भाग पोटखराबा म्हणून वजा पडतो आणि त्यावर आकार बसत नाही. ही सवलतच होती, आणि रयतेने ती आनंदाने घेतली. परंतु गावातल्या ज्या माणसांना खातेच नव्हते, त्यांचे अर्धे स्वयंपाकघर आणि सगळा दवाखाना या पोटखराब्यात होता. रानभाजी तेथे उगवे, जनावराच्या औषधाची मुळी तेथे सापडे, आणि नेचे, या कोरड्या मुलखातही जे दोनचार नेचे आहेत ते, तेथेच राहत. आकार नाही म्हणून नोंद नाही. नोंद नाही म्हणून हक्क नाही. डोंगराकडे हीच गोष्ट १८७८ च्या वनकायद्याने अधिक कडक हाताने केली. राखीव जंगलात आदिवासीने पाला, कंद, मध आणणे हा त्याचा हक्क राहिला नाही, सरकारी मर्जीची सवलत झाली, आणि सवलत काढून घेता येते हे त्याला राखणदाराने लवकरच पटवून दिले.

तेव्हा भीमेच्या काठाने उलटे वर चढू या. खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांच्या पश्चिम कडेला महादेव कोळ्यांच्या वाड्या आहेत आणि त्या वाड्यांच्या आश्रयाने देवराया टिकल्या आहेत, ज्यांचा अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात चिकाटीने केला. देवराईत शिरले आणि एखाद्या जुनाट आंब्याच्या किंवा हिरड्याच्या खोडाकडे मान वर करून पाहिले, की दुबेळक्याच्या जागी बांधल्यासारखा एक नेचा दिसतो. त्याला लोक बाशिंग म्हणतात, कोठे वांदरबाशिंग म्हणतात, काष्ठौषधीवाले अश्वकातरी म्हणतात. या झाडाची रचना मोठी विलक्षण आहे. त्याला दोन तऱ्हेची पाने येतात. एका तऱ्हेची लांब, हिरवी, कातरलेली. ती उन्हाळ्यात झडून जातात. दुसरी वीतभर, रुंद, लवकरच तपकिरी होणारी. ती झडत नाहीत, खोडाला कवटाळून राहतात, आणि त्यांच्या व खोडाच्या मध्ये जी पोकळी राहते तीत वरून पडलेला पाचोळा, धूळ, पाखरांची विष्ठा साचून माती तयार होते. जमिनीवर न उतरता हा नेचा आपले शेत झाडावरच करतो. त्या पानांखाली बोटाएवढा जाड, मांसल कंद सरपटत गेलेला असतो आणि त्याच्या अंगावर तांबूस तपकिरी खवल्यांची दाट लव असते.

हा कंद ताप, सांधेदुखी, मुका मार यांवर काढ्याच्या किंवा लेपाच्या रूपाने देण्याची चाल सह्याद्रीत आहे. तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात याच कंदाचे कढण गुडघेदुखीवर पितात, आणि तेथे त्याला मेंढीच्या पायाची उपमा देतात. लव असलेला तो कंद पाहून आमच्या काटेवाडीच्या किंवा लोणी देवकरच्या धनगरालाही दुसरे काही सुचले नसते. चीनमध्ये याच कुळातला दुसरा नेचा मोडलेले हाड सांधण्यासाठी वापरतात. तीन प्रदेश, तीन भाषा, एकमेकांची गाठभेट नाही, आणि तरी हाडासांध्यांच्या दुखण्यावर तिघांचाही हात एकाच गणाच्या कंदाकडे गेला. या योगायोगाचा अर्थ लावण्याचे काम प्रयोगशाळेचे आहे. पण प्रयोगशाळेने कोठे पाहावे हे मात्र या तिघांनी तिला सांगून ठेवले आहे.

औषधापेक्षा अन्नाची कथा अधिक बोधप्रद आहे. बोर्निओच्या वर्षावनात राहणारे इबान लोक नेच्याचे कोवळे, गुंडाळलेले कोंब भाजी म्हणून खातात, आणि सारावाकच्या बाजारांत त्यांच्या जुड्या आज पालकाच्या जुड्यांसारख्या विकल्या जातात. फिलिपाइन्समधील मिंडोरो बेटावरचे मांग्यान लोक वेलीसारख्या चढणाऱ्या नेच्याचे दांडे सोलून त्यांच्या टोपल्या विणतात; ते काम इतके घट्ट असते की वर्षानुवर्षे वापरलेली टोपली पुढच्या पिढीला मिळावी. न्यूझीलंडच्या माओरींचे तर मुख्य अन्नच एके काळी नेच्याची मुळी होती: ती खणायची, वाळवायची, निखाऱ्यावर भाजायची, दगडावर ठेवून लाकडी मोगरीने कुटायची, आणि दातांत धरून पीठ चोखून तंतू थुंकून टाकायचे. हा नेचा ज्या गणातला, त्याचे भाऊबंद आपल्या सह्याद्रीच्या उंच पठारांवरही आहेत. त्यात कर्करोगाला कारण होणारे द्रव्य असते, आणि तो चरणारी गुरे रोगट होतात, हे आता सिद्ध झाले आहे. जपानातले डोंगरी लोक त्याचेच कोंब खातात, परंतु खाण्याआधी ते राखेवर उकळते पाणी ओतून रात्रभर त्यात बुडवून ठेवतात. राखेच्या क्षाराने ते विषारी द्रव्य बऱ्याच अंशी मोडते. हे रसायन कोणा जपानी आजीला ठाऊक नव्हते. तिला एवढेच ठाऊक होते, की राख घातल्यावाचून हे कोंब घरात शिजवायचे नाहीत.

माझे म्हणणे हेच आहे. उपयोग पानात नसतो, कृतीत असतो. आणि कृती ज्याच्या हातात आहे तो माणूस दूर सारला, की उरलेले पान निरुपयोगी तरी होते किंवा प्राणघातक तरी. याचे सर्वांत दारुण उदाहरण वर्षावनातले नाही. ते आपल्याहूनही कोरड्या मुलखातले आहे, आणि म्हणून ते मी जरा विस्ताराने सांगणार आहे.

ऑगस्ट १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या नेतृत्वाखाली एक मोठी तुकडी ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडण्यासाठी मेलबर्नहून निघाली. उंट, गाड्या, दोन वर्षांची शिधासामग्री, काही कमी नव्हते. पुढच्या वर्षी एप्रिलात परत येताना तिघेच जण, बर्क, विल्स आणि किंग, कूपर नावाच्या ओढ्याच्या काठी अडकून पडले. अन्न संपले, उंट मेले. त्या ओढ्याकाठी यांड्रुवांडा नावाचे लोक परंपरेने राहत होते. त्यांनी या गोऱ्या पाहुण्यांना मासे दिले, आणि नार्डू नावाच्या एका पाणवनस्पतीच्या भाकरी दिल्या. ही नार्डू म्हणजे नेचाच. चार पानांची, चिखलात पसरणारी, आणि दुष्काळ आला म्हणजे टणक कवचाच्या बारीक शेंगांसारख्या गाठींत आपले बीजाणू कोंडून वर्षानुवर्षे निजून राहणारी. त्या गाठी दळून पीठ होते. बर्काचा स्वभाव तापट. आपल्या वस्तूंना हात लावला म्हणून त्याने एका मूळ रहिवाशावर बंदूक झाडली आणि यांड्रुवांडा निघून गेले. तेव्हा या तिघांनी विचार केला, की वनस्पती आपल्याला कळली, आता माणसांची गरज काय? ओढ्याकाठी नार्डू अमाप होती. रोज गोळा करीत, दळीत, पोटभर खात. विल्सच्या रोजनिशीवरून दिसते, की पोट भरत होते, भूक शमत होती आणि पायांतली शक्ती मात्र दिवसेंदिवस नाहीशी होत होती. जूनच्या अखेरीस विल्स वारला, त्यामागोमाग बर्क. किंगने शहाणपण केले. तो यांड्रुवांडांच्या वस्तीत जाऊन पडला, त्यांनी त्याला पोसले, आणि सप्टेंबरात शोधपथक आले तेव्हा तो जिवंत होता. अन्न तेच होते.

हे कोडे पुढे सव्वाशे वर्षांनी उलगडले. नार्डूत एक असा पदार्थ आहे जो शरीरातले ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतो; त्याच्या अभावी बेरीबेरी हा रोग होतो, हातपाय गळतात, हृदय थकते. यांड्रुवांडा स्त्रिया गाठी आधी निखाऱ्यात भाजीत, भरपूर पाणी घालून वाटीत, आणि ती लापशी शिंपल्याने खात; या क्रमात तो घातक पदार्थ निकामी होत असावा, असे अनुमान १९९४ साली दोन शास्त्रज्ञांनी मांडले. बर्क आणि विल्स यांनी वनस्पती घेतली आणि कृती टाकली. भरल्या पोटी त्यांना मरण आले.

आता ही नार्डू ज्या गणातली, त्याच गणातली वनस्पती आपल्या कालव्याच्या पाझराने दलदललेल्या बांधाकडेला, तळ्याच्या काठाला, भाताच्या खाचरात सर्वत्र असते. आंबुटीसारखी दिसते, पण तीनऐवजी चार पाने, आणि चव आंबट नाही. ऑस्ट्रेलियातली जात निराळी, आपली निराळी. आयुर्वेदात हिला सुनिषण्णक म्हणतात. चरकाने अर्शावर सुनिषण्णक आणि चांगेरी यांनी सिद्ध केलेले तूप सांगितले आहे, आणि बंगाल्यात ही पाने झोप यावी म्हणून आजही भाजीत घालतात. इंदापुरातला शेतकरी मात्र तिला तणनाशक मारतो. त्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. ज्या तणाचा आपल्याला उपयोग ठाऊक नाही ते तणच. या गणातल्या वनस्पतींच्या सुकलेल्या गाठी शंभर वर्षांनंतरही पाण्यात टाकल्यावर अंकुरल्याची नोंद आहे, तेव्हा तणनाशकाने ती संपेल या भ्रमातही त्याने राहू नये.

कोरड्या मुलखाचा खरा अस्सल नेचा म्हणजे मयूरशिखा. खडकाच्या फटीत, जुन्या बारवेच्या चिऱ्यांत, गढीच्या पडक्या बुरुजात हा बोटभर उंचीचा नेचा पंख्यासारखी पाने पसरून उभा असतो. उन्हाळ्यात तो वाळून, आखडून मुठीसारखा होतो, मेला असे वाटते. पहिला वळीव पडला की काही तासांत उलगडतो. कृमींवर आणि रक्तस्रावावर तो देतात. परंतु काष्ठौषधीच्या दुकानात मयूरशिखा मागितली तर दुकानदार हाच नेचा देईल याची खात्री नाही. कोंबड्याच्या तुऱ्यासारखी फुले येणारे एक बागेतले झाडही याच नावाने पुड्यांत बांधले जाते, आणि वैद्यांतही दोन पक्ष आहेत. हंसराजाची गत याहून वाईट. काळ्या, चकचकीत, केसासारख्या देठाचा हा नाजूक नेचा ओल्या विहिरीच्या भिंतीला लोंबतो. युनानी हकीम याच्याच एका जातीला परसियावशान म्हणून खोकल्याच्या जोशांद्यात घालीत आले. बाजारात मात्र त्याच्या तीनचार निरनिराळ्या जाती एकाच डब्यातून निघतात. ज्या हाताने विहिरीच्या भिंतीवरून पान खुडले त्या हाताला फरक ठाऊक असतो. पान आडत्याकडे, आडत्याकडून घाऊक पेठेत आणि तेथून पुडीत गेले, की फरक वाटेत सांडून जातो.

येथपर्यंत ऐकल्यावर कोणी म्हणेल, की ही सारी हरवलेल्या विद्येची रड झाली. तसे नाही, आणि याचा पुरावा बारामतीच्या गोठ्यांमागेच आहे. तालुक्यातल्या कित्येक दूधवाल्यांनी आणि शेळीपालकांनी गोठ्याच्या सावलीला एक उथळ खड्डा केलेला असतो. त्यात ताडपत्री, तिच्यावर चाळलेल्या मातीचा थर, शेणकाला, थोडे सुपर फॉस्फेट, आणि अर्ध्या वितीएवढे पाणी. त्या पाण्यावर हिरवी मखमल पसरते. ती अझोला. तीही नेचाच, नखाएवढ्या पानांचा, पाण्यावर तरंगणारा. आणि तिच्या पानांच्या पोकळीत एक निळेहिरवे शैवाल वस्तीला असते, ते हवेतला नत्र खेचून घेते, म्हणून तिच्यात प्रथिने भरपूर. अनुकूल हवेत ती काही दिवसांतच दुप्पट होते. सकाळी गोठ्यातली बाई ती प्लास्टिकच्या चाळणीने काढते, स्वच्छ पाण्याने दोनतीनदा खळबळून घेते, कारण शेणाचा वास राहिला तर म्हैस तोंड लावीत नाही, आणि मग पेंडीत निम्मेनिम मिसळून गव्हाणीत घालते. पहिले काही दिवस जनावर नाक मुरडते. मिसळण्याचे प्रमाण हळूहळू वाढवायचे असते. वैशाखात ऊन वाढले की खड्डा करपतो, मग शेजारच्या वाडीतून नवे कल्चर आणावे लागते, आणि ज्याच्या खड्ड्यावर जाळी किंवा दाट झाड आहे त्याच्याकडेच ते शिल्लक असते.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. उत्तर व्हिएतनाममध्ये भातखाचरात खत म्हणून अझोला सोडण्याची चाल फार जुनी आहे, आणि तेथेही कडक उन्हाळ्यातून ती जगवायची कशी ही विद्या ला वान या गावासारख्या मोजक्या गावांनाच होती. भाताच्या हंगामाच्या तोंडावर इतर गावे त्यांच्याकडून ती विकत नेत. गावाने ते गुपित पिढ्यानपिढ्या सांभाळले, त्यावर देऊळसुद्धा उभारले. पुढे सरकारने तिचा देशभर प्रसार केला तेव्हाच ते फुटले. ला वानच्या शेतकऱ्याला काय ठाऊक होते आणि आपल्या गोठ्यातल्या बाईला काय ठाऊक आहे, यात प्रतीचा फरक नाही. फरक एवढाच की, तिची ही विद्या प्रशिक्षणाच्या पत्रकावर छापली जाते ती प्रमाणांच्या रूपाने, इतकी माती, इतके शेण. जाळी कोणत्या बाजूला बांधायची आणि जनावराचा रुसवा कसा काढायचा, हे ती शेजारणीला तोंडी सांगते.

अशी तोंडी विद्या बाजारात गेली म्हणजे काय होते, तेही पाहू. मध्य अमेरिकेतल्या वर्षावनात कालाग्वाला नावाचा एक नेचा आहे. होंडुरासचे मूळ रहिवासी तो कातडीच्या विकारांवर वापरीत. आज त्याचा अर्क युरोपातून उन्हापासून त्वचेचे रक्षण करणारी गोळी म्हणून जगभर विकला जातो. त्या व्यवहारात मूळच्या माणसांना काय मिळाले, असले प्रश्न आपल्याकडे पडू नयेत म्हणून २००२ साली जैवविविधता कायदा झाला, आणि त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी असे ठरले. गावात कोणती झाडे, कोणती पाखरे, आणि कोणती वनस्पती कोण कशासाठी वापरतो, हे त्या वहीत लिहायचे. डोंगराकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावरचा आदिवासींचा हक्क मान्य केला, म्हणजे १८७८ साली जी सवलत होती तो पुन्हा हक्क झाला. कल्पना उत्तम. विंगेटच्या मोजणीत ज्याला रकाना नव्हता त्याला अखेर रकाना मिळाला, असे मला तेव्हा वाटले होते.

परंतु रकाना मिळाला म्हणून भरला गेला असे होत नाही. कित्येक वर्षे वह्या कोऱ्याच होत्या. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि देशभर वह्या भरण्याची घाई उडाली. घाईत भरलेल्या वहीत काय सापडते? वनस्पतीचे नाव, शास्त्रीय नाव, आणि उपयोगाच्या रकान्यात ‘औषधी’ असा एक शब्द. यांड्रुवांडांची नार्डू अशा वहीत ‘खाद्य’ म्हणून नोंदली गेली असती, आणि ती वही वाचून खाणारा बर्काच्याच वाटेने गेला असता.

आणि जानेवारी हा महिनाही विचार करण्यासारखा आहे. बारामती-इंदापुरात वनस्पतींची सर्वांत बारीक ओळख ज्यांना आहे, ते लोक कोण? एक, पाले टाकून गावोगाव हिंडणारे वैदू, ज्यांचे नाव कोणत्याही एका गावच्या यादीत पक्के नाही. दुसरे, धनगर. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून निघतात, घाट उतरून कोकणात जातात, शेतांत मेंढ्या बसवतात, आणि रोहिण्या-मृगाच्या सुमाराला परततात. कोरड्या माळापासून घाटमाथ्यावरच्या सदाहरित रानापर्यंतची सारी वनस्पतिसृष्टी दरसाल पायाखालून घालणारा दुसरा समाज या जिल्ह्यात नाही. कोणता पाला मेंढीला चालतो, कोणता ओला असताना घातक आणि सुकल्यावर निर्दोष, हे त्यांना चुकून चालतच नाही, कारण चूक झाली की खांडातली जनावरे पडतात. गुंथर सोनथायमर या जर्मन पंडिताने या लोकांच्या ओव्या आणि दैवते यांच्या मागे आयुष्य वेचले; त्यांच्या वनस्पतिज्ञानाच्या वाट्याला तसा कोणी आलेला नाही. ज्या दिवसांत वह्या भरल्या जात होत्या, त्या दिवसांत हे लोक रायगड-रत्नागिरीच्या खाचरांत होते. ग्रामसभा वर्षातून २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. पहिल्या दोन सभांना धनगर गावात नसतो.

म्हणून माझी सूचना अगदी कारकुनी स्वरूपाची आहे. ज्या गावांच्या वह्या घाईत झाल्या त्यांनी त्या १५ ऑगस्टच्या सभेत पुन्हा उघडाव्यात. त्या सुमारास वाडे परतलेले असतात, बारवेच्या चिऱ्यांतली मयूरशिखा उलगडलेली असते, सुनिषण्णक पाण्यावर आलेला असतो, आणि नमुना हातात घेऊन नाव-ओळख पटवून घेता येते. गावाबाहेर पाल पडले असेल तर वैदूलाही बोलवावे. तो गावचा मतदार नाही ही हरकत कोणी घेऊ नये, वहीला मतदारयादी लागत नाही. उपयोगाच्या रकान्यानंतर कृतीचा रकाना आखावा, आणि तो अरुंद नसावा: पान केव्हा खुडायचे, कोणता भाग टाकायचा, भाजायचे की उकळायचे, किती पाण्यात, कोणाला द्यायचे नाही. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने लिहावे, आणि त्याने एखादी गोष्ट सांगायची नाही असे ठरवले तर तेही तसेच लिहून ठेवावे. शंकेच्या जागी ग्रामसेवकाने आपल्या मनाने ‘औषधी’ असे भरू नये. जागा कोरी सोडून पुढच्या श्रावणात पुन्हा विचारावे.